बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून आयुष्य निघतं का?

विचारणारा मुलगा वीस वर्षांचा, तासगाव तालुक्यातला. शाळेच्या पथकात बासरी आणि साइड ड्रम वाजवलेला. आता क्लॅरोनेट शिकून गावाजवळच्या लग्नाच्या बँडमध्ये उतरायचं म्हणतोय. वडील म्हणतात, डीजेच्या काळात यात काय राहिलंय? ज्यानं यात जन्म काढला त्यानं खरं काय ते सांगावं, एवढी त्याची मागणी आहे. मी मिरजेच्या बाजूचा, क्लॅरोनेट वाजवत आलो, पुढं बँडमास्तर झालो. वयानं थोरला आहे म्हणून तुला अरे-तुरे करतो.

आयुष्य निघतं. माझं निघालं, माझ्याबरोबरच्या पुष्कळांचं निघालं. पण नुसत्या लग्नतिथींवर निघत नाही, आणि कान तयार नसेल तर मुळीच निघत नाही. बँडमध्ये मोठा आवाज काढणारे ढीगभर येतात. टिकतात ते ऐकणारे. आता पुढं जे सांगतो ते सगळं या ऐकण्याभोवतीच फिरणार आहे, अगदी पैशाचं आणि पोटाचंसुद्धा.

आमच्या घरात आजोबांपर्यंत सनई आणि डफडं होतं. वडिलांनी क्लॅरोनेट हातात घेतली. आपल्या भागातल्या कितीतरी वाजंत्री घरांची हीच गोष्ट आहे. इंग्रजांच्या पलटणींबरोबर पितळी बँड इथं आला, बडोदा, म्हैसूर अशा संस्थानांनी आपापले बँड ठेवले, आणि तिथून तो बाजारपेठेत, लग्नात, जत्रेत उतरला. सनई वाजवणाऱ्याला फुंक होती, बोटं होती, राग डोक्यात होते. त्यानं क्लॅरोनेटला आपली चाल शिकवली. म्हणून आपल्याकडच्या बँडची क्लॅरोनेट ऐकलीस तर तिच्यात मींड आहे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गळ्यासारखी हरकत आहे. पलटणीच्या बँडमध्ये ती तशी वाजत नाही. हे आपण घडवलेलं वादन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

तू बासरीवरून येतोयस म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच महिन्यात हात टेकशील. बासरीवर किंवा सनईवर फुंक वाढवली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. क्लॅरोनेटचं तसं नाही. तिची नळी सरळ आणि एका तोंडानं बंद असल्यासारखी वागते. खालच्या सप्तकात ज्या बोटांवर सा निघतो, तिथंच अंगठ्यामागची चावी दाबली की वरचा सा येत नाही, वरचा पंचम येतो. म्हणजे खाली शिकलेली बोटं वर गेल्यावर वेगळी. मधले काही स्वर, जिथं खालचा भाग संपतो आणि वरचा सुरू होतो, ते आवाजानं पातळ आणि बोटांना अवघड. नवख्याची क्लॅरोनेट कुठं अडखळते हे मला रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा कळतं, कारण सगळे तिथंच अडखळतात. पहिलं वर्ष तो पूल ओलांडण्यातच घालव. रोज सकाळी लांब स्वर, घड्याळ लावून. गाण्यांची घाई नको.

पट्टीचं गणित लगेच शिकून घे. आपल्याकडे वापरतात ती क्लॅरोनेट बी फ्लॅटची. तिच्यावर तू ज्याला सी म्हणून बोट लावशील तो हार्मोनियमवर काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, वाजतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन. काळी पाचमधलं गाणं असेल तर तू सी धरशील, तुझ्या शेजारचा सॅक्सवाला जी धरेल, आणि कीबोर्डवाला काळी पाच. तिघांनी तोंडानं वेगवेगळं नाव घेतलं तरी स्वर एकच. हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे त्याला कुठल्याही बँडमध्ये कुठल्याही दिवशी उभं करता येतं. मालक अशा माणसाला सोडत नाहीत.

आता रस्त्यावरचं. लग्नाच्या दिवशी बँडची दोन कामं वेगळी असतात आणि ती एकसारखी वाजवणारा माणूस मला चालत नाही. परण्या निघतो तेव्हा नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळाकडं चाललेला, बायका कळश्या घेऊन, म्हातारी माणसं बरोबर. तिथं लय चालणाऱ्याच्या पावलाची हवी. रात्रीची वरात वेगळी, तिथं पोरं नाचणार, केहरवा ताल घट्ट हवा आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये मोकळी जागा नको. जत्रेचा छबिना आणखी वेगळा. पालखी पुढं सरकते, थांबते, कुणी खांदा बदलतो, कुणी पाया पडतो. मास्तरनं पालखीकडं बघून वाजवायचं, आणि बाकीच्यांनी मास्तरकडं. आणि मुहूर्ताच्या वेळी मांडवाबाहेर उभं राहायचं ते सगळ्यात जोखमीचं. मंगलाष्टकं चाललेली असतात, आत काही दिसत नाही, भटजींचा शेवटचा ‘सावधान’ कानावर पडला आणि कुणीतरी ‘वाजवा रे वाजवा’ म्हणालं की त्याच क्षणी बँड उठला पाहिजे. आधी उठला तर मुहूर्त चुकवला म्हणून बोल, मागं राहिला तर लग्नाची मजा गेली. त्या वेळी सगळ्यांच्या वाद्यांना ओठ लागलेले असतात आणि कुणी श्वास सोडत नाही. इतकी वर्षं झाली, अजून माझ्या छातीत तेव्हा धडधडतं.

चालताना वाजवण्यात एक अडचण आहे ती कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. अरुंद गल्लीत बँड लांबला आणि ढोल तुझ्यामागं वीस मीटरवर राहिला, तर त्याची थाप तुझ्या कानावर सेकंदाच्या सतराव्या हिश्श्यानं उशिरा येते. तू त्या थापेवर वाजवलंस की तुझा स्वर ढोलवाल्याकडं तेवढाच आणखी उशिरा पोचतो. तो तुला सांभाळायला लय ओढतो, तू त्याला सांभाळायला ओढतोस, आणि दोन कडव्यांत गाणं जड होऊन बसतं. गाव म्हणतं, बँड थकलाय. थकलेला नसतो, पांगलेला असतो. म्हणून माझ्याकडं ढोल आणि साइड ड्रम नेहमी मधोमध असायचे, पुढं क्लॅरोनेट-ट्रम्पेट, मागं युफोनियम आणि ट्रॉम्बोन ही खर्जाची पितळी वाद्यं, आणि खुळखुळेवाला पोरगा दोन्ही बाजूंनी रांगा आवळत फिरायचा. त्या पोराचं काम हलकं समजू नकोस. माझ्याकडचे दोन चांगले वादक त्या कामातूनच पुढं आले, कारण सगळा बँड आतून कसा ऐकू येतो ते फक्त त्यालाच कळतं.

वैशाखातलं ऊन हे दुसरं. हवा तापली की फुंकवाद्याची पट्टी चढते, दर अंशाला जवळपास तीन सेंट, आणि शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. सकाळी सावलीत कीबोर्डशी जुळवलेली क्लॅरोनेट दुपारी बारा वाजता डांबरी रस्त्यावर त्याच कीबोर्डच्या वर बसते. कीबोर्डला ऊन कळत नाही. तोंडात धरायच्या भागाखालचा जोड दीड-दोन मिलिमीटर बाहेर ओढायचा, मग पुन्हा ऐकायचं. थंडीतल्या जत्रेत उलट, तेव्हा वाजवायच्या आधी न वाजवता नुसती गरम फुंक नळीतून सोडत राहायची. बेसूर बँड म्हणून ज्यांना नावं ठेवतात त्यातले अर्धे बेसूर नसतात, त्यांना जोड ओढायला कुणी शिकवलेलं नसतं.

वाद्य घेताना लाकडीच्या मागं लागू नकोस. लाकडी क्लॅरोनेटचा आवाज गोड असतो हे खरं, पण आपल्याकडच्या उन्हात आणि अचानक येणाऱ्या वळवाच्या पावसात लाकूड तडकतं. रस्त्यासाठी एबोनाइटची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची बघ. वापरलेली यामाहा मिळाली तर कोऱ्या स्वस्त वाद्यापेक्षा ती घे, फक्त गाद्या आणि बूच एखाद्या जाणत्याकडून तपासून घे. पितळी वाद्यांसाठी देशभरातले बँड मेरठवर अवलंबून आहेत. तिथल्या जली कोठी भागात ट्रम्पेट, युफोनियम, सूझाफोन सगळं बनतं आणि नादिर अली यांची कंपनी 1885 पासून आहे. पितळी वाद्य तिथलं जरूर घ्यावं. क्लॅरोनेटच्या चाव्यांचं काम मात्र नाजूक, तिथं जपून. पत्ती, म्हणजे फुंकीनं थरथरणारी तोंडाजवळची पातळ पट्टी, सुरुवातीला दोन नंबरची, ओठ बसले की अडीच. तीन-चार पत्त्या आलटून पालटून वापर, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेव. एकाच पत्तीवर हंगाम काढणाऱ्याचा आवाज चैत्रात भरदार आणि ज्येष्ठात कागदी होतो.

दात सांभाळ. पुढचे वरचे दात गेले की क्लॅरोनेटवाल्याची पकड जाते. तंबाखू-मावा या धंद्यात फार आहे, रात्रीची जागरणं, रिकामा वेळ, हातात सुटे पैसे. चांगले वादक त्यापायी पन्नाशीच्या आत गप्प झालेले मी बघितलेत. आणि कान. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ढोलाच्या शेजारी आणि आता स्पीकरच्या गाडीमागं आपण त्याच्या किती वर असतो! कानात बोळे घालायला लाजू नकोस. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचेसुद्धा चालतील. ज्या कानाच्या जिवावर पोट आहे तो आधी वाचवायचा.

पैशाचं आता. वर्ष तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं. मार्गशीर्ष बरा, पौष थंड, मग माघ-फाल्गुनपासून आषाढी एकादशीपर्यंत लग्नं, त्यातच चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा. चातुर्मासात लग्नं नाहीत, पण गणपती आणि नवरात्र आहे, आणि तुमच्या तासगावचा ऋषिपंचमीचा रथ आहे. बाकी दिवस कोरडे. मालक दिवाळीच्या आसपास उचल देतो आणि हंगामभर रोजातून कापून घेतो. मोठी उचल घेतलेला माणूस बांधला जातो, दुसरीकडं चार पैसे जास्त मिळत असले तरी जाता येत नाही, आणि हंगाम बुडाला की पुढच्या हंगामावर कर्ज चढतं. तू उचल घेशील तर घरात लागेल तेवढीच घे, आणि किती घेतली, किती फिटली ते वहीत लिहून मालकाची सही घे. चांगला मालक सही द्यायला कां कूं करत नाही. वाद्यानुसार रोज वेगवेगळा असतो, क्लॅरोनेट-ट्रम्पेटला जास्त, मागच्या वाद्यांना कमी. लोक खुश होऊन नोटा देतात त्या कुणाच्या, वाजवणाऱ्याच्या की सगळ्यांच्या, हे बँडमध्ये उतरायच्या आधी विचार. आमच्याकडं सगळे पैसे ढोलावर जमायचे आणि रात्री समान वाटणी व्हायची. त्यामुळं कुणी नोटेसाठी दुसऱ्याच्या अंगावर वाजवायला गेला नाही.

डीजेबद्दल तुझे वडील म्हणतात ते खोटं नाही. आमचं निम्मं काम त्यानं नेलं. त्याच्या आधी बेंजो आला होता. जपानमध्ये 1912 साली नागोया शहरात ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, त्याचंच रूप आपल्याकडं बुलबुलतरंग झालं आणि त्याला वीज लावून मुंबई-कोकणात, खानदेशात बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. मला बेंजोचा राग नाही. तो वाजवायला माणूस लागतो, बोटं लागतात, लालबाग-परळच्या पोरांनी त्यात जीव ओतलाय. आम्हीही कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेतला, चारचाकीवर स्पीकर चढवले. तेव्हा मागची वाद्यं पहिली गेली. युफोनियमची जागा कीबोर्डच्या एका बटणानं घेतली. ते मला आजही सहन होत नाही, कारण युफोनियम क्लॅरोनेटच्या खाली जी ऊबदार ओळ चालवतो ती रस्त्यावरून जाताना म्हाताऱ्या माणसांना थांबवते. मग 2020 आलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली ती नेमकी जत्रा आणि लग्नांच्या तोंडावर. आपल्याला काम मिळतं तेच गर्दीमुळं, आणि तीच बंद झाली. माझ्या ओळखीच्या किती जणांनी वाद्यं विकली आणि वाळूच्या ट्रॅक्टरवर, द्राक्षबागेत गेले. सगळे परत आले नाहीत.

आणि तरीही मी तुला नको म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत माणसं पुन्हा बँड मागायला लागलीत. रात्री दहानंतर स्पीकर बंद करण्याचा नियम 2000 सालापासून आहे आणि आता पोलीस तो पाळायला लावतात. छातीत हादरे बसणारा आवाज म्हाताऱ्यांना, लहान मुलांना नकोसा झालाय. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व हे बँड आजही ऐकायला लोक रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे असतात. एकदा जाऊन उभा राहा. नुसत्या पितळेवर आणि क्लॅरोनेटवर गर्दी कशी धरून ठेवतात ते बघ. पण मागणी वाढली ती चांगल्या बँडला. चार गाणी अर्धवट येणाऱ्याला नाही.

म्हणून स्वरलिपी शिक, आणि इंग्रजी स्टाफ नोटेशनही शिक. इथं माझं मत ठाम आहे. आपल्याकडचे बहुतेक बँड कानावर चालतात आणि त्यात आपली मोठी ताकद आहे. पण वाचता येणाऱ्यासाठी दुसरी दारं उघडतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. त्यातूनच सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड असे लोक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात गेले आणि अख्ख्या हिंदी सिनेमाचं वाद्यसंगीत त्यांच्या हातातून गेलं. सॅक्सोफोनचे मनोहारी सिंग हे कलकत्त्याजवळच्या बाटानगरच्या बँडमधून आलेले. स्टुडिओचं ते युग आता संपलं, पण वाचणाऱ्याला आजही पोलीस बँड आहे, राज्य राखीव दलाचे बँड आहेत, लष्कर आहे. पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा वेगळ्या निघतात, त्या जाहिरातीवर लक्ष ठेव. लष्कराचं संगीताचं शिक्षण पचमढीला होतं. मिरजेला गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्य कार्यालय तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. गायन किंवा हार्मोनियमच्या परीक्षा देत विशारदपर्यंत जा. शाळेत बँड शिकवायला कागद लागतो, आणि कोरड्या महिन्यांत शिकवणीच घर चालवते. माझंही तिनंच चालवलं.

कागदांवरून आठवलं. ई-श्रम कार्ड काढून घे, असंघटित कामगार म्हणून आपण त्यात बसतो. आणि पहिल्या दिवसापासून आपल्या नावाची पत्रिका, जत्रा कमिटीचं पत्र, वर्तमानपत्रातला फोटो, जे मिळेल ते जपून ठेव. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, पण इतकी वर्षं कला सादर केली हे तिथं कागदानं दाखवावं लागतं. हयातभर गावोगाव वाजवलेल्या माणसाकडं एक चिठ्ठी नसते, आणि त्याचा अर्ज मागं पडतो. हे बघून जीव जळतो.

एक गोष्ट राहिली आणि ती तुला कुणीतरी सांगायलाच हवी. वाजंत्र्याला आपल्याकडं मान देतात तो वाजवण्यापुरता. हलगी, सनई, डफडं वाजवणारी घरं कुठली, हे सगळ्या गावाला माहीत असतं. वाजवायला पहिलं बोलावतात आणि पंगतीला शेवटी बसवतात. एका गावात आम्हाला मांडवामागं जनावरांच्या गोठ्याशेजारी जेवायला बसवलं होतं, अंगावर बटणांचा लाल कोट असताना. मी मास्तर झालो तेव्हापासून सुपारी घेतानाच दोन अटी घातल्या: जेवण पाहुण्यांबरोबर, आणि बसायला सावली. काही सुपाऱ्या गेल्या. बहुतेक राहिल्या, आणि पोरं त्या घरात जास्त मन लावून वाजवायला लागली. तू ज्या घरातून येतोयस ते कुठलंही असो, ज्यांच्याबरोबर चालशील त्यांच्या ताटाला ताट लाव. कोणी वेगळं बसवलं तर सगळ्यांनी मिळून उठा. तेवढा बँड तुमचा असला पाहिजे.

वडिलांशी बोलताना गाण्याच्या गोष्टी करू नकोस, हिशेब मांड. पहिली दोन वर्षं शेतीच्या किंवा दुसऱ्या कामाच्या जोडीनं बँड करायचा, नोटेशन आणि एक परीक्षा त्यात संपवायची, पोलीस बँडच्या भरतीचा एक प्रयत्न द्यायचा. दोन वर्षांनी वहीत किती रोज आले आणि किती खर्च झाला ते दोघांनी बसून बघायचं. ऋषिपंचमीला रथाबरोबर कुठला बँड आला तर त्यांना घेऊन जा आणि क्लॅरोनेटवाल्याच्या बाजूनं चाला. त्याला विचारायला लाजू नका, आपली माणसं रस्त्यावर विचारणाऱ्याला हाकलत नाहीत. वाद्य विकत घ्यायच्या आधी मात्र कुणाची तरी उसनी घेऊन महिनाभर लांब स्वर काढ. त्या महिन्यात शेजाऱ्यांनी तक्रार केली तरी तुला कंटाळा आला नाही, तर कार्तिकात मालकाकडं जाऊन उभा राहा.